छापलेलं ऊन

माझी जाऊ पडली ती मिरच्यांतच. आधी गुडघे टेकले, मग हात, मग तोंड. लाल मिरचीच्या थरात तिचं तोंड रुतलं आणि ती हललीच नाही. चैत्र नुकताच लागला होता, ऊन बरोबर डोक्यावर होतं. नंदुरबारच्या बाहेर, रेल्वेच्या रुळांजवळ, एका शेटजींची पथारी होती. पथारी म्हणजे मिरची वाळत घालायचं उघडं मैदान. झाड नाही, झुडूप नाही. असलं तर त्याखालची मिरची ओली राहते, म्हणून ठेवतच नाहीत. आम्ही बायका तिथे बसून मिरची उलथायचो, देठ खुडायचो आणि फटकी, म्हणजे पांढरी पडलेली, वेगळी काढायचो.

मी तिला उताणी केली. नाकात बी गेलं होतं. अंग तापलेल्या तव्यासारखं आणि घामाचा थेंब नाही. मुकादम धावत आला. त्याने जवळची बादली उचलली आणि तिच्या तोंडावर ओतली.

ते पाणी मिरचीवर शिंपायचं होतं. वाळकी मिरची पोत्यात भरताना फुटते, म्हणून भरण्याआधी तिच्यावर पाणी शिंपतात. सकाळपासून सगळ्या बायका मिरचीचे हात त्याच बादलीत बुडवत होत्या. ते पाणी कसलं, पातळ तिखट होतं. जाऊने डोळे आवळून घेतले, एवढंच. ओरडायला तिच्यात काही शिल्लक नव्हतं.

"हाई पानी कसाले टाकं रे भाऊ?" मी म्हटलं.

"तुले दुसरं कोठे दिखस?" तो म्हणाला.

दुसरं पाणी होतं. पथारीच्या टोकाला तट्ट्यांचं एक छप्पर होतं आणि त्यात माठ होता. दुपारची भाकरी आम्ही तिथेच खायचो. त्या दिवशी मात्र आम्हाला तिथे मज्जाव होता, कारण छपरात एका साप्ताहिकाचे वार्ताहर बसले होते. आपल्या मिरचीविषयी चार ओळी छापून याव्यात म्हणून शेटजींनी त्यांना बोलावलं होतं. त्यांच्यासाठी खाट टाकली होती आणि माठ सरकवून खाटेच्या उशाशी ठेवला होता. मुकादमाने आम्हाला सकाळीच बजावलं होतं, "आज भाकर बाहेर खा. साहेब लिखी ऱ्हायना."

साहेब सूर्यावर लिहीत होते.

अक्राणीकडच्या डोंगरातून मजुरीला उतरलेल्या दोघी-तिघी बायका होत्या. त्यांनी पाय धरले, मी खांदे धरले, आणि आम्ही जावेला उचलून सरळ छपरात नेली. वार्ताहर खाटेवरून उठले. धोतराचा सोगा सावरून बाजूला झाले, तिखट लागू नये म्हणून.

"काय झालं हिला?"

"ऊन लागलं."

"अरेरे. कुठली?"

मुकादमाने गाव सांगितलं, घराणं सांगितलं. त्यांनी ते उभ्या उभ्या टिपून घेतलं. मग खिशातलं घड्याळ काढून पाहिलं. त्यांचं साप्ताहिक धुळ्याला छापलं जायचं आणि मजकुराचा लखोटा गाडीने जायचा. गाडीची वेळ झाली होती. त्यांनी छत्री उघडली आणि ते स्टेशनाकडे चालू लागले. ती बाई जगली की मेली हे पाहायला ते थांबले नाहीत. छत्री ठेवून जावी हेही सुचलं नाही.

आम्ही माठ तिच्यावर रिता केला. ओलं पोतं अंगावर टाकलं. डोंगरातल्या बायकांनी सुपांनी वारा घातला. रुळांवर काम करणाऱ्या एका गँगमनची बायको कांद्याचा रस आणि ताक घेऊन आली. दिवस कलता कलता जावेने एकदा ओठ हलवले. तोवर मुकादमाचा धीर सुटला होता.

"हिले आठून लई जा," तो म्हणाला. "हाई आठे मरनी ते मन्हा हातमा बेड्या पडतीन."

"तुन्हाच हातनं पानी पडनं तिना तोंडवर."

"म्हनीसनच सांगस, लई जा."

आम्ही पोत्याची झोळी केली आणि तिला गँगमनच्या खोलीत नेली. पथारीवर मी पुन्हा पाय ठेवला नाही.

ही माझी धाकटी जाऊ. मी तेव्हाच विधवा झालेली, मूल नाही. तिचा नवरा, म्हणजे माझा दीर, सुरतेला गिरणीत. आमचं घर शहाद्याकडे कळसाडीला. तिथे सासू होती आणि जावेची मुलगी होती, नुकतीच अंगावरून सुटलेली. मिरचीचा हंगाम करायचा आणि आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, घरी परतायचं असं ठरवून आम्ही दोघी आलो होतो. जावेने मुलीसाठी काचेच्या बारीक बांगड्या घेऊन ठेवल्या होत्या. शुद्धीवर आल्यावर तिने पहिल्यांदा विचारलं ते बांगड्यांचं. डोळे सुजून बंद झाले होते, पापण्यांतून पू यायचा. बांगड्या तिने बोटांनी चाचपून पाहिल्या.

"आखाजीले घर जानं शे, बाई," ती म्हणाली. तिला दुसरं काही नको होतं.

आता या लिहिणाऱ्यांविषयी सांगते. माझ्या चार इयत्ता तळोद्याच्या शाळेत झाल्या. तिथल्या मास्तरांनी एकदा 'सूर्योदय' हा विषय लिहायला दिला. सगळ्या पोरींनी मास्तरांनी सांगितलेलंच लिहिलं. सोन्याचा गोळा, गुलालाची उधळण, पक्ष्यांची भूपाळी. मी लिहिलं की सूर्य उगवतो तेव्हा आई शेण गोळा करायला गेलेली असते, म्हणून मला चूल पेटवावी लागते आणि सूर्य पाहायला वेळ होत नाही. मास्तरांनी छडी मारली. म्हणाले, यात सूर्य कुठे आहे? बरोबर होतं त्यांचं. त्यांना पाहिजे तो सूर्य आमच्या घरी येत नव्हता.

पुढे वाचता येत असल्यामुळे हाती येईल तो कागद मी वाचायची. दुकानदाराच्या पुडीचासुद्धा. तेव्हा कळलं की मास्तरांचा सूर्य मोठ्या माणसांच्याही कामाला येतो. मामलेदार आले की गावात दुसरा सूर्य उगवायचा. त्यांची बदली झाली की तो मावळायचा. व्यापाऱ्याच्या मुलाचं लग्न लागलं की सूर्यनारायण स्वतः आशीर्वाद द्यायचे, जसं काही त्यांना अक्षत गेली होती. कपाशीचा भाव पडला की शेतकऱ्याच्या भाग्याचा सूर्य झाकोळायचा. भाव कोणी पाडला ते त्यात नसायचं. विहीर आटली तर सूर्याने शोषली. ती विहीर कोणाची आणि तिथे कोणाला पाणी भरू देत नव्हते, हे लिहायला जागा उरायची नाही, कारण सूर्याची किरणं मोजण्यातच अर्धा रकाना जायचा.

सूर्याचं एक बरं आहे. तो वकील लावत नाही, उत्तर छापा म्हणून कोणाच्या दारात येत नाही. त्याच्यावर काहीही घाला, तो गप्प. म्हणून लिहिणाऱ्यांचा तो लाडका. आणि त्यांना तो लागतो सकाळचा, नाहीतर संध्याकाळचा. दुपारचा सूर्य कोणी सुंदर करून लिहिलेला मी पाहिला नाही. दुपारी लिहिणारे झोपतात. आमचे वार्ताहर एकदाच दुपारचे बाहेर पडले, तेही आमच्या छपरात, आमच्या माठाजवळ.

आठवड्याने गँगमनच्या बायकोने स्टेशनावरून तो अंक आणला. मी वाचला. मिरचीची आरास, शेटजींचं औदार्य, आणि खाली हे होतं: 'सहस्ररश्मी भगवान भास्कराच्या प्रखर कोपाग्नीत कळसाडी येथील एका घराण्याच्या तरुण स्नुषेची प्राणज्योत मालवली. रक्तवर्ण मिरच्यांच्या सागरात एक जीवनसूर्य अकाली अस्तास गेला.' घराण्याचं नाव बरोबर छापलं होतं.

मी दोनदा वाचलं. सूर्य तिच्यावर रागावला, आणि तीही एक सूर्यच, आणि तो सूर्य समुद्रात बुडाला. एका बाईला ऊन लागलं तर दोन सूर्य आणि एक समुद्र. माठ कुठेच नव्हता. छप्पर नव्हतं, खाट नव्हती, बादली नव्हती. आणि ज्या बाईला मारून टाकलं होतं ती माझ्या शेजारी बसून ताक-भाकर कुस्करत होती.

"काय लिखेल शे?" तिने विचारलं. तिचे डोळे अजून उघडत नव्हते.

"तू मरी गयी."

तिने भाकर कुस्करून संपवली. मग म्हणाली, "हाई कळसाडीले जास का?"

तिथे अंक जायचा. शाळामास्तर चावडीवर वाचून दाखवायचे. गावात छापलेल्या अक्षरापुढे कोणाचं काही चालत नसे. माणूस खोटं बोलतो, छापखाना कशाला बोलेल, अशी समजूत.

मी वार्ताहरांच्या घरी गेले. ते ओट्यावर पान लावत बसले होते.

"तुम्ही छापलं ती बाई जिवंत आहे."

"असं? देवाची कृपा."

"मग तसं छापा."

"काय छापू?"

"ती मेली नाही."

त्यांनी चुन्याचं बोट पुसलं. "बाई, तीन शब्दांची कुठे बातमी होते? ओकंबोकं दिसतं ते."

"मग माठ तुमच्या उशाशी होता तेही छापा. भरेल रकाना."

"तुम्ही शिकलेल्या दिसता."

"चार इयत्ता."

"तरीच," ते म्हणाले आणि पान तोंडात टाकलं. "बघतो."

त्यांनी बघितलं. पुढच्या अंकात शेवटच्या पानावर, एरंडेलाच्या जाहिरातीच्या वर, आलं: 'कृष्णमेघांच्या पटलाआड लोपलेला तो सूर्य ईशकृपेने पुनश्च क्षितिजावर तेजाळला आहे.' बस. नाव नाही, गाव नाही, बाई नाही. मी त्यांना तीन शब्द दिले होते. त्यांना ते लिहवले नाहीत.

कळसाडीला काय झालं ते मला नंतर कळलं. पहिला अंक चावडीवर वाचला गेला आणि घरात रडारड झाली. सासूने एका गाडीवानाबरोबर निरोप पाठवला की थोरलीने अस्थी घेऊन यावं. गाडीवान पथारीवर गेला. मुकादमाने आम्हाला जाऊ पडली त्या दिवशी संध्याकाळीच हाकललं होतं. पुढचं त्याला माहीत नव्हतं, पण पेपर त्यानेही ऐकला होता. तो म्हणाला, समदं व्हई गयं. गाडीवान परत गेला. सुरतेहून दीर आला, त्याने डोकं भादरलं, दहावं झालं, तेरावं झालं. दुसरा अंक आला तेव्हा मास्तरांनी तोही वाचला. पाटील म्हणाले, नंदुरबारला आभाळ आलं होतं वाटतं. आणि त्यांनी खळ्यावरचा गहू झाकून घेतला.

जावेचे डोळे थोडे उघडायला लागले तशा आम्ही निघालो. प्रकाशाला नावेतून तापी ओलांडली आणि मिळेल त्या गाडीत बसलो. कळसाडीला पोचलो तो आखाजीचा दिवस होता. वाटेवरच्या झाडांना झोके बांधलेले, माहेरी आलेल्या पोरी गाणी म्हणत होत्या. आम्हाला पाहून एका झोक्यावरचं गाणं थांबलं. जावेने पदर पुढे ओढून घेतला, पण चाल कमी केली नाही.

आमच्याकडे आखाजीला पितरांची घागर भरतात. नवी मातीची घागर पाण्याने भरायची, तिच्या तोंडावर डांगर ठेवायचं, म्हणजे खरबूज, सोबत आंबा आणि सांजोरी. घरातलं जे माणूस गेलं त्याला उन्हाळ्यात पाणी मिळावं म्हणून. आमच्या ओट्यावर त्या दिवशी एक घागर जास्त होती. भटजी पाटावर बसले होते, दीर भादरलेल्या डोक्याने त्यांच्यासमोर, आणि सासू दाराच्या चौकटीत, तिच्या कडेवर जावेची मुलगी.

दीर उठून उभा राहिला आणि तसाच राहिला. सासूने मुलीला घट्ट धरलं.

"आत्याबाई," मी म्हटलं, "हाई मरनी नही. पेपरवाला खोटं लिखना."

"पेपरमा उनं ना," सासू म्हणाली. "तेरावं व्हई गयं. गाव जेवी गयं."

जावेने ओट्याच्या पायरीवर पाय ठेवला. भटजींनी हात आडवा केला. ते वाईट माणूस नव्हते, नियमाचे होते. ते म्हणाले, जिची क्रिया झाली ती बाई घराला मेलेलीच. तिला आत घ्यायचं तर तिचा नवा जन्म करावा लागेल. पाळण्यात घालायचं, नाव ठेवायचं, नवऱ्याशी पुन्हा लग्न लावायचं.

"आणि तान्ह्या मुलाला पहिल्यांदा अंगणात आणून सूर्य दाखवतात, तसा हिला सूर्य दाखवावा लागेल," ते म्हणाले. "तोवर उंबरा ओलांडू नये. मुलीलाही शिवू नये. मी पंचांग पाहून दिवस सांगतो."

"कदी?" जावेने विचारलं.

"वैशाख उलटल्यावर चांगले योग आहेत."

जावेने त्यांच्याकडे पाहिलं. तिच्या पापण्यांची साल निघत होती. मग तिने सासूला विचारलं, "आत्याबाई, हाई घागर मन्हा नावनी शे ना?"

"शे," सासू म्हणाली.

जावेने घागरीवरचं डांगर उचलून खाली ठेवलं. आंबा ठेवला, सांजोरी ठेवली. दोन्ही हातांनी घागर तोंडाला लावली आणि प्यायला लागली. सगळे पाहत राहिले. पाणी तिच्या हनुवटीवरून गळ्यात, चोळीत गेलं. ती थांबली, श्वास घेतला आणि पुन्हा प्याली. मिरच्यांत पडल्यापासून तिची तहान भागत नव्हती, ते मला माहीत होतं.

"अहो, हे काय चाललंय," भटजी म्हणाले.

तिने घागर खाली ठेवली. "सूर्य मी पुरा देखा, महाराज," ती म्हणाली. "आते मन्ही पोर दखाडा."

सासू पायरी उतरून आली. वाकून घागरीत पाहिलं. हात घालून पाणी कुठवर आलंय ते चाचपलं. सासू कडक बाई होती. जावेवर तिची माया होती असं मी म्हणणार नाही. नवी सून पाहायला तिने माणूस धाडलाही होता. पण ती डोळ्यांनी पाहिलेलं नाकारणारी नव्हती.

"घागर अर्धी व्हई गयी," ती भटजींना म्हणाली. "मी इतला वरीसनी घागरी भरी ऱ्हायनू. पितरं इतलं पानी पेतस नही."

"पण शास्त्र..."

"शास्त्र तुम्ही वैशाख उलटावर आना. आज सन शे." मग जावेकडे न पाहता म्हणाली, "घरमा ये. चुल्हावर पुरन लागी जाई."

तिने मुलीला खाली सोडलं. मुलगी त्या सुजलेल्या तोंडाला घाबरली, माझ्यामागे लपली. जावेने तिला ओढलं नाही. पायरीवर बसून तिने पितरांचं डांगर फोडलं आणि एक फोड पुढे धरली. मुलीने ती बराच वेळाने घेतली. मग जावेने कनवटीच्या बांगड्या काढल्या आणि एकेक करून तिच्या हातात चढवल्या. दीर तोवर उभाच होता. टोपी कुठे ठेवली ते त्याला सापडत नव्हतं.

भटजी जेवायला थांबले. नंतर ते पंचांग घेऊन आले नाहीत, कोणी बोलावलंही नाही.

साप्ताहिकाने यातलं काही छापलं नाही. मी पत्र टाकलं नाही. टाकलं असतं तर त्यातही त्यांनी कुठून तरी सूर्य उगवला असता.

जावेच्या उजव्या डोळ्याला पुढे कायम अंधुक दिसायचं. त्या दुपारी मिरच्यांत जी पडली, ती जगली.